काविळीचा पाला

यशे, मी रडायला आले होते गं. लातूरहून सकाळची गाडी धरली, पांढरी साडी नेसले, तुझ्या फोटोपुढं मेणबत्ती लावून पोटभर रडायचं असं ठरवूनच आले होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं, माझं अर्धंमुर्धं रडूनही झालं. तेवढ्यात तुझी धाकटी बहीण पंची मागच्या दारानं आत आली, हातात एक डहाळी घेऊन, अन् माझे डोळे तिथल्या तिथं कोरडे पडले. तेव्हापासून नुसता राग येतो. चहा ठेवताना येतो, वेणी घालताना येतो, देवळात जाऊन बसले तरी येतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. जिवंतपणी कळू दिलं असतंस तर तुझ्या तोंडावर बोलले असते, पण ती सोय तू ठेवली नाहीस.

झालं असं. जेवणाची पंगत उठत होती अन् उमरीकडचा एक माणूस बायकोला घेऊन दारात येऊन उभा राहिला. बाईचे डोळे पिवळेजर्द. कुणीतरी म्हणालं, आज घरात दुःख आहे, उद्या या. पंची म्हणाली, "औषधाला न्हाई म्हणायचं नसतं आपल्यात," अन् चपला अडकवून तशीच डोंगराकडं गेली. एरवी तुमच्या घरचा तो पाला दिवस उगवायच्या आत आणून वाटून ठेवलेला असतो. बाहेरच्याला दिसतो तो हिरवा गोळा. आख्खं पान मी कधी बघितलंच नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, रीत थोडी सैल झाली, अन् पंची भर दुपारी डहाळी घेऊन माझ्यासमोरून गेली.

"हे काय गं पंचे?"

"काविळीचा पाला, ताई."

"ही कुठली कावळी? कावळीचा वेल असतो. मला शिकवतेस काय?"

पंची थबकली. "कावळीचा न्हाई ओ. काविळीचा. कावीळ, कावीळ! कावळी ती काय, कुपावर चढून राहिली. ती शेळ्या खातेत."

अन् ती हसली. दुखवट्याच्या घरात, तोंडाला पदर लावून हसली. मग माझा चेहरा बघितला अन् तोंडावरचा पदर खाली केला. म्हणाली, "अक्कानं सांगितलंच न्हाई का तुम्हाला कधी? मला वाटलं तुमच्यात कवाच हसून झालं आसंल."

नाही गं पंचे. आमच्यात ते कधीच हसून झालं नाही.

हे चार लोक वाचतील, त्यांना कळावं म्हणून थोडं मागं जाते. तू ऐकून घे. आता तुला मधेच उठून चहा ठेवायला जाता येत नाही.

नांदेडच्या कॉलेजात आपण दोघी एकाच साली नोकरीला लागलो, तू वनस्पतिशास्त्राला, मी रसायनशास्त्राला. मी लातूरजवळच्या मुरुडची, शेतीवाडीच्या घरातली. तू भोकरच्या पुढं डोंगराला टेकलेल्या गावातली, तिथल्या बौद्ध वस्तीतली. दोघींनी मिळून एक खोली केली. माझे वडील ज्वारीचं पोतं घेऊन आले तेव्हा तू त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवलास, अन् त्यांनी तो तसाच बाजूला सरकवला. मी उचलला अन् त्यांच्यासमोर घटाघटा रिकामा केला. वडील न जेवता परत गेले. तू संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणालीस, "विजे, एवढं पाणी प्यायलीस, भाकरीला जागा राहिली का पोटात?" एवढंच. पुन्हा कधी त्या गोष्टीचं नाव काढलं नाहीस. आपली मैत्री त्या तांब्यापासूनची, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

पुढं मला लातूरला जागा मिळाली, तू नांदेडलाच राहिलीस, अन् माझ्या डोक्यात पीएच.डी.चं खूळ शिरलं. विषय कुणी दिला? तूच दिलास. "आमच्या मायच्या औषधावर कर की," म्हणालीस. "आख्ख्या तालुक्यातून लोक येतेत." अन् सुट्टीत मला गावी घेऊन गेलीस.

दुष्काळ होता. विहिरींच्या तळाला घागर घासायची तेव्हा. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून राहिली होती, अन् आजूबाजूच्या डोंगरांवर जडीबुटीवाल्या ठेकेदारांचे ट्रक लागले होते. मुळ्या काढ, साली काढ, डिंक काढ, जे मिळेल ते भर. लोकांचाही इलाज नव्हता. वाटेत तू मला एकेक डोंगर दाखवत होतीस, सालईची झाडं सोलून ठेवलेली, जमिनीला नुसते खड्डे. तुझं गाव आलं अन् डोंगर एकदम वेगळा दिसायला लागला. दुष्काळानं वाळलेला होता, पण शाबूत होता.

तुमच्या बायकांनी विहारापुढं बसून ठरवलं होतं: वरच्या अंगाला कुऱ्हाड न्यायची नाही, मूळ खणायचं नाही, पाला घ्यायचा तर हातानं, तोही गरजेपुरता. पाळीपाळीनं राखण करायची. नुसत्या तुमच्या वस्तीतल्या नव्हे, वरच्या आळीतल्या शेतकऱ्यांच्या बायकांनाही पाळी लावली होती, अन् त्या येत होत्या, कुरकुरत का होईना येत होत्या. वनखात्याचा माणूस येऊन म्हणाला, डोंगर सरकारचा आहे, तुम्ही कोण ठरवणार. तुझी माय त्याला म्हणाली, "सरकार ऱ्हातंय का हितं? आमी ऱ्हातो." मला केवढं कौतुक वाटलं होतं! परत येताना गाडीभर मी तेच बोलत होते.

मायचा आणखी एक नियम होता. औषध वाटताना तोंड उघडायचं नाही, बोललं की गुण जातो. मी नवखी, उतावळी. ती पाट्यावर हिरवा गोळा वाटत होती अन् मी शेजारी उकिडवी बसून विचारत होते, मावशी, कशाचा पाला हो हा? सांगा ना, कशाचा? तिनं मान वर न करता, ओठ मिटलेलेच ठेवून, नाकातल्या नाकात म्हटलं, "काविळीचा." मला ऐकू आलं कावळीचा. का येऊ नये? समोर कुपावर, काट्यांच्या कुंपणावर, कावळीचा वेल लोंबत होता. तुमच्या गावात त्या झाडाला दुसरं नावच नाही, कावीळ घालवतो तो काविळीचा पाला, हे मुरुडच्या बाईला कुठून कळणार?

मी उठले, वेलाची पानं तोडून चावली अन् वरून गुळाचा खडा तोंडात टाकला. गूळ मातीसारखा लागला. कावळीची खूण तीच, जिभेची गोडी मारून टाकते. मी नाचायचीच बाकी होते. "यशे, ओळखली! कावळी! बघ, गूळ लागत नाही मला!" तू दारात उभी होतीस, कमरेला पदर खोचून. माझ्याकडं बघून हसलीस. म्हणालीस, "हाव बाई, कावळीच हाय ती."

अन् कावळीच होती ती! खोटं तू त्या दिवशी बोलली नाहीस, पुढंही कधी नाहीस. त्याचाच तर संताप होतो. धडधडीत खोटं बोलली असतीस तर खोटारडी म्हणून मोकळी झाले असते मी.

त्या क्षणी तुला गंमत वाटली असेल, ते मी सोडून देते. चिडवायची तुला हौसच होती. रात्री जेवताना सांगू, जरा विजीला नाचू दे, असं वाटलं असेल. मग जेवताना का नाही सांगितलंस? दुसऱ्या दिवशी का नाही? मी आता आठवून आठवून बघते, अन् मला तो कंपनीवाला आठवतो.

मुंबईच्या एका औषध कंपनीचा माणूस माझ्या पीएच.डी.च्या सरांच्या ओळखीचा निघाला. त्याला तुमच्या गावी मीच बोलावून घेतलं होतं, त्याच पहिल्या फेरीत, माझ्या त्या नाचानंतर दोन दिवसांनी तो आला. चांगला होता बोलायला. बाजेवर बसून म्हणाला, "पाल्यात दम निघाला तर आम्हाला तो टनावारी लागेल. गावाला हंगामभर काम मिळेल." मी तर हरखूनच गेले. दुष्काळाचे दिवस, बायका खडी फोडतायत, त्यांना घराजवळ काम! मी तुझ्याकडं बघितलं, तू पण खूश असशील म्हणून. तू उठलीस. "चहा ठेवते," म्हणालीस. चहा आला तो मायनं आणला, तू आली नाहीस. नंतर मी विचारलं, डोळे का लाल गं? म्हणालीस, "धूर गेला." तुझ्या चुलीचा धूर मी नांदेडला रोज खाल्लेला, तुझे डोळे कधी लाल झालेले बघितले नव्हते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुझ्यावर संशय घ्यायची मला सवयच नव्हती.

तेव्हा ठरवलंस तू. हो की नाही? टनावारी म्हणजे काय ते शेजारच्या डोंगरांवर तुला दिसतच होतं. हा पाला हवा म्हटल्यावर गावातलीच माणसं, ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती ती, आधी पाला तोडतील, मग फांद्या, मग मुळासकट. बायकांची राखण कंपनीच्या ट्रकापुढं किती दिवस टिकणार? इथपर्यंत मला सगळं कळतं यशे. मी काही खुळी नाही. पुढचं कळत नाही.

पुढं तू मला पोती भरभरून पाला पाठवलास. कावळीचा. सावलीत वाळवलेला, निवडून घेतलेला, त्यात एक काडी नसायची. ओळख पटवायला वनस्पतिशास्त्रवाल्याची सही लागते, ती तुझी. "पाला कावळीचा आहे." अगदी बरोबर! लातूरच्या आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा नळाला पाणी नसायचं, अर्क काढताना वाफ थंड करायला लागतं म्हणून मी घरची घागर घेऊन जायची. नवरा म्हणायचा, प्यायला नाही अन् तू पाल्याला पाणी पाजतेस. पोरगी आजारी असताना मी त्या चंबूपुढं बसले आहे. तुला सगळं ठाऊक होतं. सुट्टीत यायचीस, शेजारी स्टूल घेऊन बसायचीस, म्हणायचीस, "किती करशील गं, जरा निज." अन् चंबूत काय उकळतंय ते तुला माहीत होतं!

कंपनीकडं अर्क गेला, उंदरांवर तपासला गेला, उत्तर आलं की काविळीवर याचा काही उपयोग नाही.

तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. काय उत्साह होता गावात! कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग वाळायचा होता, पानाच्या टपरीवाला पण "आपल्या जिल्ह्यात" म्हणून बोलून राहिला होता. नव्या जिल्ह्यात काहीतरी करून दाखवायचं म्हणून एक मेळावा भरवला, अन् त्यात माझं बोलणं ठेवलं. ते ठरलं तेव्हा आशा होती. बोलायला उभी राहिले तेव्हा उत्तर येऊन पडलेलं होतं. मी लपवलं नाही. जे निघालं ते सांगितलं, काही निघालं नाही म्हणून. मागून एकजण उठला. "बाई, आमच्या घरचा माणूस त्याच औषधानं बरा झालाय. तुम्ही पाला उकळला का नुसतं पाणीच उकळलं?" सभा हसली. तेवढ्यात दुसरा उठला, म्हणाला, बाईंनी चांगलं काम केलं, ही गावठी औषधं म्हणजे निव्वळ थोतांड, हे एकदाचं सिद्ध झालं. त्याला टाळ्या पडल्या. म्हणजे माझीही लाज गेली अन् तुझ्या मायचीही. तू पहिल्या रांगेत होतीस. तुझ्या मायला थोतांड म्हटलं, तरी तू बसून राहिलीस. मग उठून माझ्या कोपराला धरून मला बाहेर नेलंस. "चल, भजे खाऊ." मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हटलं, "माझं रसायनच कच्चं आहे यशे." तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास, म्हणालीस, "तुझं रसायन लई पक्कं हाय."

किती पक्कं आहे ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. केसानं गळा कापला म्हणतात तो असा.

मी पीएच.डी. सोडली. रिटायर होईपर्यंत अकरावी-बारावीच्या पोरांना ब्युरेट कशी धरायची ते शिकवत राहिले. वाईट गेलं आयुष्य असं म्हणत नाही, पोरं चांगली निघाली. पण स्टाफरूममध्ये कुणी नवा माणूस संशोधनाबद्दल बोलायला लागला की मी पेपर तपासायला घ्यायची. अन् ऐक, तुझ्या आगाऊपणाची कमाल तर पुढंच आहे. मला शुगर निघाली तेव्हा तू डबाभर पूड पाठवलीस. फोनवर म्हणालीस, "कावळीची पूड हाय. साखरेला चांगली म्हणतेत. तुझ्याइतकी कावळी कुणाला ठाऊक?" अन् खो खो हसलीस. मी पण हसले. मला वाटलं दोघी एकाच गोष्टीला हसून राहिलो.

आता भांडायचंय ते इथं. कंपनी त्या उत्तरानंतर फिरकली नाही. दुष्काळ गेला. पुढं ठेकेदारही दुसरीकडं गेले. मग का नाही सांगितलंस? मी लातूर, तू नांदेड, दर दिवाळीला भेटायचो. तुझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुझ्या उशाशी बसले होते. आपण दोघींनी सुनांपासून गॅसच्या हंड्यापर्यंत काय बोलायचं ठेवलं? मधेच एकदा म्हणायचं होतंस, विजे, एक सांगायचं राहिलं बघ. मी तुला उशी फेकून मारली असती.

अन् दुसरं. तुझ्या मायचा पाला खरंच लागू पडतो की नाही, हे मला आजही माहीत नाही. तुलाही नव्हतं. तेच तर शोधायचं होतं! कावीळ आपोआप उतरते पुष्कळदा, हे तूच वर्गात शिकवायचीस. लागू पडत नसेल तर ती उमरीची बाई दवाखान्यात जायची सोडून तुमच्या दारात का येऊन राहिली? अन् लागू पडत असेल, तर भोकरच्या पलीकडंही लोकांना कावीळ होते, यशे. त्यांचं काय? डोंगर राखायचा, मान्य. डोंगर तोडल्याशिवाय पाल्याचा शोध घेताच येत नाही, हे कुणी ठरवलं? तू एकटीनं. माझ्याशी एक शब्द न बोलता. मी असते तर म्हटलं असतं, थोडा पाला घे, लावून बघू, परसात वाढतो का बघू, कंपनीला नाव न सांगता आधी आपण तपासू. सुचलं असतं काहीतरी. दोघी होतो ना आपण?

त्या दुपारी पंचीनं त्या बाईला औषध दिलं, तोंड मिटून, तुझी माय द्यायची तसं. मी बाईच्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हटलं, उद्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्या. पंचीनं ऐकलं, पण राग धरला नाही. मग मी तिला म्हटलं, मला डोंगरावर ने. माझं वय बघून ती नको म्हणत होती. नेलं तिनं, हात धरून, थांबत थांबत.

तो पाला मी आता बघितला आहे. हातात घेतला, चुरगळून वास घेतला. पान कसं आहे, झाड आहे की वेल आहे, ते इथं लिहीत नाही. मला त्याचं शास्त्रातलं नाव आलं नाही. नाव सांगायला शेजारी तू हवी होतीस, ह्या विचारानं आणखी संताप झाला. पण काय दाट आहे गं ते वर! वाटेतले सगळे डोंगर अजून बोडकेच आहेत, अन् हे एवढं एवढं झुडूप, ते खालचं गवत, ती वेलीची जाळी, सगळं जागच्या जागी. पंचीची सून अन् वरच्या आळीतली एक बाई राखणीला होत्या. मोबाइलवर गाणी ऐकत बसल्या होत्या, पण होत्या. मी तिथं बसले अन् तुझं कौतुक वाटायला लागलं. ते पण सहन होईना. म्हणून उठून खाली आले.

खाली येता येता मी पंचीला विचारलं. बरेच दिवस साठवून ठेवल्यासारखं विचारलं, खरं तर मला कळून दोनच तास झाले होते. "पंचे, खरं सांग. मी तुमच्यातली नव्हते म्हणून का? माझ्या बापानं तिच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. ते धरून ठेवलं होतं का तिनं मनात?"

पंची वाटेतच उभी राहिली. "काय बोलून राहिल्या ताई! अक्का तुमच्या बापाचं नावबी घेत नव्हती. तुमच्याच गोष्टी सांगायची." मग माझा हात पुन्हा धरत म्हणाली, "एकडाव मायनं इचारलं होतं तिला. म्हणली, इतकी जिवाची हाय तर सांगून टाक की पोरीला. तर अक्का म्हणली, विजी लई साधी हाय. तिच्या पोटात काही राहात न्हाई."

माझ्या पोटात!

जातीचं कारण निघालं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं मला क्षणभर. त्याचं मूळ तरी माझ्या बापाकडं होतं. हे माझ्यावर आलं. तू मला ओळखून, जवळ ठेवून, तीस-चाळीस वर्षं माझ्या डोळ्यांत बघून ठरवलंस की हिला सांगण्यात अर्थ नाही. परकं समजली असतीस तर परकी म्हणून वागले असते. तू तर मैत्रीण म्हणून मांडीवर डोकं घेतलंस अन् वर भरवसा ठेवला नाहीस. दगा दिलास यशे. दुसरा शब्द नाही माझ्याकडं.

पंची मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. गाडीला वेळ होता. बाभळीखाली दोघी उभ्या होतो. ती माझ्या साडीला चिकटलेली कुसळं काढत होती, अन् काढता काढता म्हणाली, "ताई, तुम्ही न् अक्का नांदेडला एका खोलीत राहिल्या. एक इचारू?" अन् तिनं विचारलं. काय विचारलं ते तुला कळलंच असेल. तुझ्या आईलाही तीच शंका होती शेवटपर्यंत, भाऊजींनाही असेल. नांदेडच्या त्या एका सालात काय झालं, तू सुट्टीला गावी का आली नाहीस, ते फक्त मला माहीत आहे. मी आजवर ते नवऱ्यालाही बोलले नाही.

मी पंचीला खोटं सांगू शकले असते. मला काही माहीत नाही गं, असं म्हटलं असतं तर तिनं लगेच विश्वास ठेवला असता. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "पंचे, मला माहीत आहे. पण ते तिचं आहे. मी सांगणार नाही."

मला वाटलं आता ही रुसणार. तिनं शेवटचं कुसळ काढलं, माझा पदर झटकला, अन् म्हणाली, "बरं."

एवढंच, यशे. गाडी आली, ती हात करून गेली, जाताना म्हणाली, परत या. एवढंच म्हणायचं होतंस तू मला त्या दिवशी, गुळाचा खडा तोंडात धरून मी नाचत होते तेव्हा. विजे, ती कावळी नव्हे, खरा पाला मला माहीत आहे, पण तो गावाचा आहे, मी तुला सांगणार नाही. मी आकांडतांडव केलं असतं. बॅग भरून निघाले असते. महिनाभर तुझ्याशी बोलले नसते, तुझ्या मायलाही चार शब्द सुनावले असते.

अन् मग बरं म्हणाले असते गं.